हल्लेखोर पुढे काय करेल, हे नववी-दहावीच्या मुलांना कसं शिकवावं? (तासिकांचा आराखडा, सूचना हव्यात)

फळा_आणि_खडू

शाळांमधला 'सायबर सुरक्षा' तास बहुतेक वेळा एका यादीवर संपतो. ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड मोठा ठेवा. यादी खोटी नसते, पण ती शिळी होते. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' ही यूपीआय कलेक्ट रिक्वेस्टची (समोरच्याकडून पैसे मागणाऱ्या विनंतीची) फसवणूक घ्या. व्यक्ती-व्यक्तींमधल्या कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. हा रस्ता बंद झाल्यावर चोर कुठे वळेल, याचा अंदाज बांधायला मात्र यादी शिकवत नाही. मुलांना तो अंदाज बांधता आला पाहिजे.

आराखडा असा: सहा तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या, वर्गात ४० मुलं. पहिल्या चार तासांत संगणक नाही. लॅब मिळेपर्यंत थांबायची गरज पडू नये, आणि कीबोर्ड समोर आला की मुलांचं लक्ष टूलवर जातं, समोरच्या माणसावर राहत नाही.

पहिला तास: प्रत्येकाने ० ते १०० मधली एक संख्या चिठ्ठीवर लिहायची. सगळ्यांची सरासरी काढायची आणि तिच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ ज्याची संख्या, तो जिंकला. सरासरी ३६ आली तर लक्ष्य २४. चिठ्ठ्या एकट्याने मोजत बसलात तर तास तिथेच जातो. पाच रांगा, रांगेत आठ मुलं, प्रत्येक रांगेची बेरीज शेवटच्या बाकावरच्याने करायची, फळ्यावर फक्त पाच बेरजा. असं केलं की ३५ मिनिटांत चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर सरासरी फळ्यावर ठेवा, पुसू नका.

पुढच्या तासांसाठी काय घ्याल? विशेषतः कुठे फसतं ते सांगा.

पॅकेटपारखी

पहिला खेळ उत्तम आहे, पण त्यातला खरा धडा चर्चेत निसटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यांनी डोळे मिटून लिहिलं तर सरासरी ५० च्या आसपास, म्हणजे लक्ष्य ३३. हे ओळखणारा ३३ लिहितो. 'बाकीचे ३३ लिहितील' हे ओळखणारा २२ लिहितो, त्याच्या पुढचा १५. असं करत शेवट शून्यावर येतो. वर्गात गणितात पक्का असलेला एखादा मुलगा पहिल्याच फेरीत ० लिहितो आणि हरतो. त्याचं गणित बरोबर असतं, समोरच्यांबद्दलचा अंदाज चुकलेला असतो. हल्लेखोराशी सामना म्हणजे हाच प्रश्न. तो सर्वज्ञ आहे असं धरून बचाव आखला तर पैसा आणि मेहनत चुकीच्या जागी जाते, आणि तो बावळट आहे असं धरलं तर दार उघडं राहतं. आपल्याला *या* हल्लेखोराच्या एक पायरी पुढे राहायचं असतं, दहा पायऱ्या नाही.

दुसरं. कोणीतरी मुद्दाम १०० लिहील. त्याला ओरडू नका, ते फळ्यावर घ्या. ४० जणांत एकाने ० ऐवजी १०० लिहिलं तर सरासरी २.५ ने वाढते, लक्ष्य साधारण १.७ ने सरकतं. शेवटच्या फेऱ्यांत, जेव्हा सगळे ५-७ च्या आसपास असतात, तेवढ्याने निकाल फिरतो. जिंकण्यात रस नसलेला, फक्त बिघडवायला आलेला माणूस हा वेगळ्या जातीचा हल्लेखोर आहे. शाळेची वेबसाइट विद्रूप करणारे अनेकदा याच जातीचे असतात. 'याला पैसे मिळणार नाहीत, मग तो का करेल?' या प्रश्नाला मुलांना इथेच उत्तर मिळतं.

शुभदा_गणित

खेळ आवडला. पण नववीतल्या मुलाला संख्यांच्या चिठ्ठीवरून सायबरपर्यंत पोचायला मधली एक पायरी हवी. नाहीतर हा गणिताचा ऑफ तास होईल.

पॅकेटपारखी

शुभदाताई, ती पायरी म्हणजे दुसरा तास. साहित्य: प्रत्येक जोडीला २२ चिंचोके आणि एक कागद. कागदावर शाळेची पाच 'दारं' काढायची, प्रत्येकाची किंमत ठरलेली.

निकालाची नोंद १०, फी भरल्याचा हिशेब ८, पालकांचे मोबाइल नंबर ६, शाळेची वेबसाइट ३, लॅबमधला एक संगणक १.

बचाव करणाऱ्याकडे १२ चिंचोके, ते पाच दारांवर वाटायचे. हल्लेखोराकडे १०, आणि त्याला एकच दार निवडायचं. दारावर बचावाचे जितके चिंचोके असतील त्यापेक्षा किमान एक जास्त लावला तर दार फुटतं. बरोबरी झाली तर दार टिकलं. हल्लेखोराची कमाई म्हणजे दाराची किंमत वजा त्याने खर्चलेले चिंचोके. पहिल्या काही फेऱ्या वाटणी उघडी ठेवून खेळा.

मुलं सुरुवातीला दोनपैकी एक गोष्ट करतात. सगळीकडे सारखं वाटतात (२, २, २, ३, ३), तेव्हा हल्लेखोर तीन चिंचोक्यांत निकाल नेतो, कमाई ७. किंवा घाबरून सगळे १२ निकालावर ठेवतात, तेव्हा तो एका चिंचोक्यात फीचा हिशेब नेतो, कमाई पुन्हा ७. दोन्ही टोकांना नुकसान तेवढंच, हे मुलांना स्वतः मोजून दिसू द्या.

उत्तम वाटणी आहे ६, ४, २, ०, ०. मग निकालासाठी ७ खर्चून ३ कमाई, फीसाठी ५ खर्चून ३, नंबरांसाठी ३ खर्चून ३. वेबसाइटवर काहीच नसूनही तिथे कमाई २ आणि लॅबच्या संगणकावर शून्य. हल्लेखोराची सर्वांत मोठी कमाई ३ च्या खाली आणता येत नाही. दोन दारं उघडी ठेवूनही बचाव जास्त चांगला झाला, कारण हल्लेखोराला तिथे जाण्यात फायदा नाही. हे उत्तर फळ्यावर आधी लिहू नका. १५ मिनिटांत वर्गातली एखादी जोडी ६-४-२ च्या आसपास पोचते.

मग एकच बदल करा: 'हल्ल्याचं तयार साधन आता इंटरनेटवर फुकट मिळतं', म्हणजे हल्लेखोराचा प्रत्येक चिंचोका अर्ध्या किमतीचा. त्याच ६-४-२ वर आता निकालाची कमाई ६.५ होते. नवीन उत्तम वाटणी ८, ४, ०, ०, ० आणि तरीही कमाई ५.५ च्या खाली जात नाही. शाळेत काहीही बदललं नाही, फक्त हल्ला स्वस्त झाला, आणि पालकांचे नंबर बचावाबाहेर गेले. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) भाड्याने मिळू लागल्यावर छोटी रुग्णालयं आणि पतसंस्था का सापडू लागल्या, ते इथे दोन वाक्यांत सांगता येतं.

टेहळणी

वरच्या खेळाला जोड. वाटणी झाकून खेळली की तो खऱ्याच्या जवळ जातो. हल्लेखोराने अंदाजाने लावलेले चिंचोके कमी पडले तर ते बुडाले. मग नवा नियम: एक चिंचोका देऊन एका दाराची वाटणी बघता येईल. मुलं लगेच बघायला लागतात, आणि टेहळणीवर खर्च करण्यात फायदा का असतो हे त्यांना समजतं. पुढची फेरी: बचाव करणारा एका दारावर गुपचूप 'घंटा' लावू शकतो. ते दार हल्लेखोराने बघायला घेतलं तर तो पकडला गेला, फेरी संपली. घंटा कुठे लावावी यावर झकास वाद होतो. सर्वांत किमती दारावर लावावी असं आधी वाटतं, पण ते ओळखून हल्लेखोर तिथे बघतच नाही. इथे पहिल्या तासातला 'एक पायरी पुढे' परत येतो.

एक अडचण: चिंचोके हरवतात आणि अर्धा चिंचोका मिळत नाही. स्वस्त साधनाच्या फेरीत चिंचोके नेहमीसारखेच लावायचे, फक्त कमाई लिहिताना खर्च निम्मा धरायचा.

नीलकंठ_सी

तिसऱ्या तासासाठी अमेरिकेतल्या एका सरकारी सायबर-युद्ध अभ्यासक्रमातला एक प्रयोग सुचवतो. ग्रेगरी कॉन्टी आणि जेम्स कॅरोलँड यांनी २०११ मध्ये त्याबद्दल लिहिलं. विद्यार्थ्यांना सांगितलं की परीक्षेत पायचे पहिले १०० अंक लिहायचे, पाठ करायची अपेक्षा नाही, फसवून लिहा, पण पकडले गेलात तर नापास. हेतू हा की नियम पाळणाऱ्या माणसाने एकदा तरी नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या फटी शोधाव्यात.

मुख्य काम परीक्षेनंतर सुरू होतं. प्रत्येक युक्तीपुढे एकच प्रश्न: 'पर्यवेक्षकाने काय गृहीत धरलं होतं?' पाण्याच्या बाटलीच्या लेबलवर आतून लिहिलं असेल तर गृहीत होतं, की बाटली म्हणजे बाटलीच.

शुभदा_गणित

हे आपल्याकडे जसंच्या तसं नको. दहावी-बारावीला कॉपीमुक्त अभियान चालतं, भरारी पथकं फिरतात, आणि त्याच शाळेत शिक्षकाने 'कॉपी करा' म्हणायचं? पालक मुख्याध्यापकांकडे येतील आणि त्यांचं म्हणणं चूक नसेल. शिवाय मुलांनी शोधलेल्या युक्त्या मार्चमध्ये वापरल्या गेल्या तर?

फळा_आणि_खडू

पटलं. हेतू तोच ठेवून परीक्षेऐवजी गॅदरिंगचा पास घेऊ. आठ-आठ जणांचे पाच गट. प्रत्येक गटाने १० मिनिटांत गॅदरिंगच्या प्रवेशासाठी पासाची पद्धत आखायची: पास कसा दिसेल, कोण देईल, दारावर काय तपासतील. मग पद्धती अदलाबदल करून दुसऱ्या गटाने १० मिनिटांत आत शिरायचे मार्ग लिहायचे. उरलेल्या वेळात नीलकंठ यांचा प्रश्न, 'काय गृहीत धरलं होतं?'

नेहमी दिसणारी उत्तरं: पासाची रंगीत झेरॉक्स (गृहीत: कागद नक्कल होत नाही). आत गेलेल्याने खिडकीतून पास बाहेर देणे (गृहीत: एक पास एकदाच वापरला जाईल). 'मी साउंडवाल्यांबरोबर आहे' (गृहीत: काम करणाऱ्याला विचारायचं नसतं). दारावरचा स्वयंसेवक मित्रच असणे. पास वाटणाऱ्या ताईंना 'हरवला' सांगून दुसरा घेणे. आता फळ्याच्या दुसऱ्या बाजूला याच क्रमाने लिहा: बनावट वेबसाइट, चोरलेलं लॉगिन पुन्हा वापरणे, बनावट तंत्रज्ञाचा फोन, आतला माणूस, 'पासवर्ड विसरलो'. शेवटच्या जोडीवर जास्त वेळ द्या. कुलूप कितीही भारी असलं तरी हरवलेली किल्ली परत द्यायची पद्धत ढिली असेल तर हल्लेखोर तिकडूनच येतो. ईमेलच्या पासवर्ड रीसेटचं तेच आहे.

अॅड_रेवती

चौथ्या तासाआधी कायदा घ्या. पाच मिनिटं पुरतात, पण वगळू नका.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात शिरणं हीच चूक आहे. 'काही बिघडवलं नाही, फक्त बघितलं' हा बचाव होत नाही. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर ६६ सी, संगणकावरून तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ डी: दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, म्हणजे ते प्रकरण होतंच.

शाळांकडून नेमकी चूक कुठे होते? मुख्याध्यापक तोंडी म्हणतात, 'आपली वेबसाइट तपासा बरं.' वेबसाइट किंवा निकालाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं. त्याची परवानगी द्यायचा अधिकार शाळेला नसतो. म्हणून परवानगी लेखी, आणि फक्त शाळेच्या मालकीच्या, नेटवर्कपासून तोडलेल्या संगणकांपुरती. पत्रात कोणते संगणक, कोणत्या तारखा, कोणते शिक्षक हजर, हे तिन्ही हवं.

एखाद्याला सहज वापरताना खरंच फट सापडली तर: तिथेच थांबायचं, 'खात्री करायला' पुन्हा करून बघायचं नाही, काय दिसलं ते लिहून शिक्षकांना द्यायचं, आणि पुढचा पत्रव्यवहार शाळेने करायचा. अशा फटींची माहिती सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था घेते.

पॅकेटपारखी

चौथा तास माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. एका चालू फसवणुकीची चिरफाड. उदाहरण म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल) घ्या. लग्नपत्रिकेच्या नावानेही तीच येते. खरी फाइल वर्गात कधीही आणू नका, प्रोजेक्टरवर दाखवायलासुद्धा नाही. कागदावरचं चित्र पुरेसं आहे.

फळ्यावर चार रकाने: पायरी, हल्लेखोराने काय गृहीत धरलं, त्याला खर्च किती, आणि इथे तोडलं तर तो पुढे काय करेल.

ओळखीच्या नंबरावरून फाइल येते. गृहीत: ओळखीचा माणूस म्हणजे विश्वास. खर्च जवळपास शून्य, कारण आधी फसलेल्याचा फोनच ती पुढे पाठवतो. मग फोन इशारा देतो की हे अॅप अनोळखी ठिकाणचं आहे. गृहीत: दंडाच्या भीतीने माणूस वाचणार नाही. मग अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. गृहीत: 'परवानगी द्या' हे बटण लोक सवयीने दाबतात. मग बनावट पानावर कार्डाचा तपशील किंवा पिन मागितला जातो आणि बँकेचा ओटीपी परस्पर वाचला जातो.

पहिले तीन रकाने मुलं भराभर भरतात. चौथ्यात अडतात, आणि आपल्याला शिकवायचा आहे तो चौथाच. अनोळखी अॅप बसवण्याची सोय फोनने बंद केली तर? तो फोन करून 'मी अधिकारी बोलतोय' म्हणत सेटिंग बदलायला लावेल. एसएमएस वाचता आले नाहीत तर? स्क्रीन शेअर करायला सांगेल. किंवा एक कोड डायल करायला लावून तुमचे कॉल स्वतःकडे वळवेल, म्हणजे ओटीपी कॉलवर मिळेल. हे खरोखर होत होतं, म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा डायल करायच्या (यूएसएसडी) कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली. फळ्यावर ही तारीख लिहा आणि विचारा: 'सोय बंद झाली. तुम्ही चोर आहात. १६ एप्रिलला काय कराल?'

उत्तरांत 'बँकेचा सर्व्हर हॅक करेन' येतंच. त्यावर एकच प्रश्न: खर्च किती, आणि फोन करण्यापेक्षा स्वस्त आहे का?

टेहळणी

सर्व्हरवरच्या हल्ल्याला खर्च परवडतो कधी, हे दाखवायला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण घ्या. ११ ऑगस्ट २०१८ रोजी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणा वळवून बनावट मंजुऱ्या दिल्या गेल्या. नकली कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेतून) सुमारे १३.९ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

मुलांना कॅलेंडर द्या आणि ११ तारीखच का, ते शोधायला सांगा. तो दुसरा शनिवार होता, बँक बंद. मग दुसरा प्रश्न: एवढ्या देशांत एकाच वेळी एटीएमपुढे माणसं उभी करायची तर आधी किती तयारी लागली असेल? एपीकेवाला आणि हा, दोघांचा खर्च आणि कमाई शेजारी-शेजारी लिहिली की 'हॅकर' नावाचा एकच प्राणी नसतो हे समजतं.

सतीश_लॅब

पाचव्या तासाला मुलांकडून एक फसवा ईमेल लिहून घ्यावा का? लिहिल्याशिवाय शब्दांची ताकद कळत नाही.

अॅड_रेवती

खऱ्या माणसाला पाठवायचा नाही, मित्रालाही नाही, 'गंमत' म्हणूनही नाही.

पॅकेटपारखी

माझं मत: लिहून घेऊच नका. चांगला फसवा मजकूर लिहिणं ही सरावाने येणारी कला आहे, आणि वर्गातला सर्वांत चांगला मजकूर संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फिरतो. त्याऐवजी उलटं करा. मुलांना एक पात्र द्या: ५८ वर्षांचे सेवानिवृत्त क्लार्क, पेन्शन बँकेत, मुलगी परगावी, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. हल्लेखोराने कोणती वेळ निवडली असती, कोणाच्या नावाने संपर्क केला असता, कोणती भीती वा घाई वापरली असती, एवढंच लिहायचं. मजकूर नाही. मग दुसऱ्या गटाने त्या क्लार्कांसाठी दोनच सूचना लिहायच्या. दोनपेक्षा जास्त नाहीत, कारण खरा माणूस दहा सूचना लक्षात ठेवत नाही.

फळा_आणि_खडू

हेच घेतो. त्याच तासात पिनचा छोटा भागही बसेल. चार अंकी पिन १०,००० प्रकारचे. पण पात्राने वाढदिवसाची तारीख-महिना ठेवला असेल तर ३६६ च शक्यता, म्हणजे ३.६६ टक्के. मुलांनी पात्रासाठीच पिन सुचवायचा. 'एक पिन लिहा' एवढंच सांगितलं तर काही जण घरचा खरा पिन लिहितात, म्हणून तास संपल्यावर कागद फाडून टाका.

ह्यूस्टनकर

सहाव्या तासाला लॅब मिळत असेल तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ घ्या. सीटीएफ म्हणजे संगणक सुरक्षेची कोडी सोडवायची स्पर्धा. २०१३ पासून चालू, फुकट, वयाची अट १३ पूर्ण. सरावाचे प्रश्न वर्षभर उघडे असतात आणि टर्मिनल ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे लॅबच्या संगणकावर काही बसवावं लागत नाही. 'जनरल स्किल्स' आणि 'फॉरेन्सिक्स' या प्रश्नगटांपासून सुरुवात करा. 'बायनरी एक्सप्लॉइटेशन' नववीला नको, पहिल्याच दिवशी मुलं हिरमुसतात. प्रश्न इंग्रजीत आहेत, तेव्हा मराठी माध्यमात प्रश्नाचा मराठी सारांश आधी कागदावर द्या आणि एका संगणकावर दोघं बसवा. खाती शाळेच्या ईमेलवर काढा, आणि पालकांची सही आधी घ्या.

इथे अमेरिकेतल्या शाळांमध्ये २००९ पासून सायबरपेट्रिअट ही स्पर्धा चालते. तिच्यात मुलांनी फक्त बचाव करायचा असतो: बिघडवलेला आभासी संगणक देतात, चुका शोधून दुरुस्त करायच्या. दोन्ही चांगल्या, पण अंदाज बांधण्याची सवय दोन्हींतून आपोआप लागत नाही. सीटीएफमध्ये समोर कोडं असतं, माणूस नसतो. त्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठाची 'सिक्युरिटी कार्ड्स' बघा. ४२ पत्ते, चार गट: माणसांवर होणारा परिणाम, हल्लेखोराचा हेतू, त्याची साधनं, त्याच्या पद्धती. फुकट उतरवून छापता येतात. प्रत्येक गटातला एक पत्ता ओढायचा आणि शाळेच्या ग्रंथालयावर हल्ला कल्पायचा. मराठीत पत्ते करताना उदाहरणंही बदला, नुसतं भाषांतर निर्जीव होतं.

शुभदा_गणित

मूल्यमापन कसं करणार? लेखी परीक्षेत 'फिशिंग म्हणजे काय' विचारलं तर सगळं पुन्हा यादीवर येईल.

पॅकेटपारखी

पहिल्या तासाआधी आणि सहाव्यानंतर तोच एक प्रसंग द्या. उदाहरणार्थ, शाळेने पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकून सहलीचे पैसे गोळा करायचं ठरवलं आहे. दहा मिनिटांत हल्ले लिहा. किती लिहिले ते मोजू नका, नाहीतर मुलं कल्पना पसरवतात. प्रत्येक हल्ल्याला चार गुण, प्रत्येक मुद्द्याला एक: कोण, त्याला काय मिळेल, खर्च किती, कोणतं गृहीत मोडलं. आणि सर्वांत जास्त, वेगळे तीन गुण याला: शाळेने एक उपाय केला तर तो पुढे काय करेल.

या प्रसंगात बदललेला क्यूआर सगळ्यांना सुचतो. 'तारीख वाढवली आहे, नवीन कोडवर भरा' असा मेसेज मुख्याध्यापकांचा फोटो लावलेल्या नंबरावरून येईल, हे ज्याला सुचलं त्याला पूर्ण गुण. कोड छापून शाळेच्या फलकावर लावला तर त्यावर स्टिकर चिकटवला जाईल, हे ज्याने पुढच्या चालीत लिहिलं त्यालाही.

सतीश_लॅब

आमच्याकडे वर्गात ६८ मुलं आणि तासिका ३० मिनिटांची. काय कापू?

फळा_आणि_खडू

पहिल्या खेळाच्या दोनच फेऱ्या घ्या. दुसऱ्या तासात जोडीऐवजी चार जणांचा गट: दोघं बचाव, दोघं हल्ला, म्हणजे १७ गट आणि ३७४ चिंचोके. ४०० गोळा करा. गॅदरिंगचा पास दोन तासिकांत विभागा, पद्धत पहिल्या दिवशी आणि शिरकाव दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्री मुलं घरी विचार करतात, त्यामुळे तो भाग उलट जास्त चांगला होतो. एपीकेची चिरफाड कापू नका. कापायचंच असेल तर लॅबचा तास कापा. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक आणि 'पैसे गेले तर पहिल्या तासातच फोन' हे मात्र शेवटच्या तासाला वहीत लिहून घ्या.